बुधवार पेठेत ख्रिस्ती सेवाकार्य सुरू करायचंय: काय जुळवावं, काय टाळावं

प्रश्न थोडक्यात असा. पिंपरीतल्या एका मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाला नाताळच्या सुमारास पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीत जायचंय. गिटारवर गाणी म्हणायची, सुवार्तापत्रिका वाटायच्या, ब्लँकेटं आणि खाऊची पाकिटं द्यायची, आणि 'प्रभूने दार उघडलं तर दोन-तीन बहिणींना बाहेर काढायचं'. सुरुवात कशी करावी?

गाणी, पत्रिका आणि 'बाहेर काढणं' या तिन्ही गोष्टी यंदाच्या यादीतून काढा. ब्लँकेटांचाही पुन्हा विचार करा. ज्या वस्तीत आजवर पोलीस, पाहणीवाले, पत्रकार, कॉलेजचे प्रोजेक्टवाले आणि वाटपवाले येऊन गेलेत, तिथे आणखी एक टोळकं आलं तर बायकांच्या दिवसात काही फरक पडत नाही. दर बुधवारी दुपारी ठरलेल्या वेळी येणाऱ्या, एक काम नीट जाणणाऱ्या दोन बाया आल्या तर पडतो. एवढं पटत असेल तरच पुढचं वाचा.

आधी वेळ. एका बाजूला दगडूशेठ गणपती आणि फरासखाना पोलीस ठाणं, दुसरीकडे अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आणि लक्ष्मी रस्ता, यांच्या मधल्या गल्ल्यांत ही वस्ती आहे. रात्री दोन-तीनला झोपलेल्या बायका अकराच्या आत धड उठलेल्या नसतात. आंघोळ, धुणं, स्वयंपाक उरकेपर्यंत साडेबारा होतात. चारनंतर वेणीफणी सुरू होते आणि मग दारात उभं राहायचं. म्हणून तुमची वेळ साडेबारा ते तीन. शनिवार-रविवार नको. पगाराचे पहिले आठ-दहा दिवस गिऱ्हाईक दुपारीही असतं, तेव्हा भेटी आवरत्या घ्या. गणेशोत्सवाचे दहा दिवस तर जाऊच नका. गर्दी आणि बंदोबस्त इतका असतो की तुम्ही नुसती अडचण होता. संध्याकाळी सातला 'वस्ती जिवंत असताना' जायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्या वेळी तुमच्याशी बोलत थांबलेली बाई गिऱ्हाईक गमावते, आणि भाडं तर तिला रोजच्या रोज द्यायचं असतं.

जायचं कुणी? दोघीजणी, फार तर तिघी, तिशीच्या पुढच्या. त्यांतल्या एकीला कन्नड किंवा तेलुगू यायला हवी. हिंदी तर सगळ्यांनाच हवी, कारण इथे कर्नाटक, आंध्र-तेलंगणापासून बंगाल-नेपाळपर्यंतच्या बायका आहेत आणि मराठी सगळ्यांना येत नाही. पुरुषांनी माडी चढू नये. गल्लीत उभा असलेला पुरुष आधी गिऱ्हाईक समजला जातो. तुमच्या संघातल्या विशीच्या मुलाला पहिल्या दहा मिनिटांत 'बैठना है क्या?' असं विचारलं जाईल. तो लाजेल, हसेल किंवा उपदेश करेल, आणि तिन्ही वाईटच. पुरुषांना करण्यासारखं काम आहे: रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभं राहणं, गाडी चालवणं, हिशेब लिहिणं. एकसारखे टी-शर्ट, बॅनर, बिल्ले, कॅमेरा यांतलं काही नको. मोबाइल पर्समध्ये राहू द्या, हातात नको. हातात मोबाइल दिसला की फोटो काढताय असंच वाटतं. गळ्यात तुमचा नेहमीचा क्रूस असेल तर तो मात्र लपवू नका.

वस्तीत शिरायच्या आधी तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना भेटा. 'सहेली संघ' हे या बायकांचंच संघटन आहे, आणि एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली काम करणाऱ्या संस्थाही आहेत. त्यांना स्पष्ट सांगा की आम्ही चर्चची माणसं आहोत, आणि विचारा की तुमच्याकडे कोणतं काम अडून पडलंय. त्यांच्या कार्यकर्तीने पहिल्या दिवशी सोबत येऊन घरवालीशी (कोठा चालवणाऱ्या बाईशी) ओळख करून दिली तर सहा महिन्यांचं काम एका दुपारी होतं. घरवालीलाही पहिल्याच वाक्यात सांगा: आम्ही चर्चमधून आलोय, अमुक काम करतो, पैसे घेत नाही, देत नाही, पोलिसांकडून आलेलो नाही. तीन महिने नुसती समाजसेवा म्हणून जायचं आणि चौथ्या महिन्यात बायबल काढायचं, याला लोक फसवणूकच म्हणतात, आणि बरोबर म्हणतात.

घरवाली कायद्याने गुन्हेगार ठरते, पण जिन्याची चावी तिच्याकडेच असते. तिला मान द्या, अक्का म्हणा, भेटवस्तू देऊ नका, वादही घालू नका. चहा आला तर घ्या. पलंगाला पलंग लागलेल्या, प्लायवूडच्या पार्टिशनने पाडलेल्या खोल्यांत बसायला जागा नसते. तेव्हा जमिनीवर बसा. पलंगावर टेकू नका, ती तिची कामाची जागा आहे. पडदा ओढलेला असला तर हाक न मारता पुढे जा.

वाटपाचं गणित नीट समजून घ्या. एका मजल्यावर बारा बायका असल्या तर तेवढ्याच वस्तू नेऊन भागत नाही. घरवाली, स्वयंपाक करणारी, आता धंदा न करणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्या आणि मुलं धरून वीस तरी लागतात. कमी पडलं की भांडण त्या बायकांमध्ये लागतं आणि तुम्ही घरी गेलेले असता. जास्त झालं तर माल घरवालीच्या कपाटात जातो. आणि एकदा ब्लँकेट दिलंत की पुढच्या वर्षभर तुम्ही 'ब्लँकेटवाल्या'. सुरुवातीला पिशवीत एवढंच असू द्या: पेन, कोरे फॉर्म, दवाखान्यांच्या वेळा लिहिलेला कागद, चार-सहा ओआरएसची पाकिटं. रिक्षाभाड्यापुरतेच पैसे.

काम एकच धरा. कागदपत्रं हे सगळ्यांत उपयोगी, आणि यात वाद कमी. अनेकींकडे पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून आधार नाही, आणि आधार नाही म्हणून बँक खातं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात याला वाट काढून दिली आहे: नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र दिलं की पत्त्याच्या पुराव्याविना आधार मिळतं, आणि कार्डावर तिचा व्यवसाय कळेल अशी कोणतीही खूण ठेवायची नाही. हे प्रमाणपत्र स्थानिक एड्स प्रकल्पामार्फत मागवावं लागतं. तुमचं काम फॉर्म भरणं, नावाचं स्पेलिंग तपासणं, केंद्रावर सोबत जाणं. इथे नेहमी अडकतं ते नावात. गावचं नाव वेगळं, धंद्यातलं वेगळं. कागदावर गावचंच नाव घाला, आणि ते नाव मजल्यावर मोठ्याने उच्चारू नका.

कागदपत्रांऐवजी धरता येईल असं दुसरं काम म्हणजे ससून या सरकारी रुग्णालयात जायला सोबत. एचआयव्हीच्या गोळ्या (एआरटी) सरकारी एआरटी केंद्रात फुकट मिळतात आणि बहुतेकींना दिवसाला एकच गोळी असते. तरीही गोळ्या चुकतात. कारण ओपीडी सकाळची, ती झोपते पहाटे, आणि रांगेत ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती. नऊ वाजता येऊन तिला उठवणारी, केसपेपर काढून ठेवणारी एक बाई मिळाली की निम्मा प्रश्न सुटतो. कंडोमबद्दल तुमच्या मंडळीचं मत काहीही असो, वस्तीत त्याविरुद्ध अवाक्षर काढू नका. कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली तर प्रतिबंधक गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, खरं तर दोन तासांत व्हाव्यात, आणि त्या 28 दिवस घ्यायच्या असतात. हे तुमच्या प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ हवं.

आता प्रार्थना. तुम्ही ख्रिस्ती म्हणून जाताय आणि हेच विचारायचं होतं, हे कळतं. नियम सोपा आहे: ती म्हणेल तेव्हा, तिच्या विषयावर, दोन मिनिटं, तिच्या भाषेत. 'माझ्या पोरीसाठी मागा' असं म्हणाली तर पोरीसाठी मागा. तिच्या पापांची कबुली तिच्या वतीने देवापुढे मांडू नका. फॉर्म भरणं आणि प्रार्थना एका बैठकीत नको, शक्यतो एका व्यक्तीनेही नको. कागद करून देणारी वेगळी, प्रार्थनेला बसणारी वेगळी. प्रार्थनेला नाही म्हणून तिचं आधारचं काम अडणार नाही, हे बोलून पटत नाही. ज्या बाईने सहा वेळा प्रार्थनेला नाही म्हटलं तिला सातव्या बुधवारीही तुम्ही ससूनला नेलंत, की मजल्यावर ते आपोआप कळतं.

खोलीत एक फळी असते. तिच्यावर यल्लमा, साईबाबा, अजमेरचा ख्वाजा, गणपती. काही महिन्यांनी तिथे येशूचं कॅलेंडर लागेल. ते बघून अहवालात 'एक आत्मा जिंकला' असं लिहू नका, आणि बाकीच्या तसबिरी काढायलाही सांगू नका. देवाला सोडलेल्या बाईच्या गळ्यात तांबड्या-पांढऱ्या मण्यांची माळ असते, तिला 'दर्शन' म्हणतात. ते तोडायला लावणं म्हणजे तिला एकदम तिच्या गावापासून आणि जोगतिणींपासून ओरबाडून काढणं, वर देवीच्या कोपाच्या भीतीत टाकणं. ज्यांनी ते काढलं त्या आपल्या वेळेने काढतात.

वचनं निवडताना मग्दालीया मरीयेला वेश्या म्हणू नका. शुभवर्तमानांत तसं कुठेही नाही. ती ओळख सहाव्या शतकात पोप ग्रेगरीच्या प्रवचनातून चिकटली. योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची शोमरोनी बाई जास्त चालते, कारण तिथे येशू आधी तिच्याकडे पाणी मागतो. योगायोग असा की 1880च्या दशकात पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या सिस्टरांचं (ख्रिस्ती संन्यासिनींचं) लंडनच्या फुलहॅम भागातलं, 'पतित' ठरवलेल्या बायकांसाठीचं आश्रयगृह पाहून आल्या, तिथे याच शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना सांगितली गेली, आणि आपल्या श्रद्धेच्या वाटेवरचं ते वळण म्हणून त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं. आपल्याकडे या कामाची मुळं तिथवर जातात. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा बायकांसाठी त्यांनी 'कृपासदन' वेगळं ठेवलं.

बरं करण्याच्या प्रार्थनेबद्दल कडक राहा. 'विश्वास ठेव, गोळ्या सोड' असं कुणीही, कितीही मोठा पाहुणा पाळक असला तरी, म्हणता कामा नये. एआरटी थांबली की शरीरातला विषाणू पुन्हा वाढतो, आणि गोळ्या घेत-सोडत राहिलं तर औषधं निकामी होण्याची भीती असते. प्रार्थना करा आणि गोळीची वेळही विचारा. हे ज्यांना मान्य नाही त्यांना संघात घेऊ नका.

कायद्याची बाजू. घटनेच्या 25व्या कलमात धर्मप्रसाराचा हक्क आहे, पण स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली सांगितलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. राज्यात धर्मांतराबाबत त्या दिवशी कोणता कायदा लागू आहे हे वकिलाकडून लेखी घ्या. वस्तू आणि पत्रिका एकाच पिशवीतून निघाल्या की आमिषाचा आरोप करायला कुणाला फार कष्ट पडत नाहीत. पुण्यात याला इतिहासही आहे. शारदा सदन या आपल्या विधवा-मुलींच्या शाळेत रमाबाई स्वतःच्या खोलीत, दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि मुली येऊन बसत. तेवढ्यावरून 1893 साली वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

वस्तीत खोली घेऊन जाहीर प्रार्थनास्थळ उघडू नका. याचं एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या 7व्या कलमानुसार सार्वजनिक उपासनास्थळ, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांपासून 200 मीटरच्या आत हा व्यवसाय करणं त्या बाईसाठीही गुन्हा आहे. तिथे देवळं आधीच आहेत हे खरं. पण तिच्या डोक्यावरच्या कलमात आपल्या हातून भर कशाला? परदेशी पाहुण्यांना पर्यटक व्हिसावर प्रचाराचं काम करता येत नाही, ओसीआय कार्डवाल्यांनाही (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही) मिशनरी कामाला वेगळी परवानगी लागते. परदेशी देणगी परकीय योगदान कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घ्यायची नाही.

एक गोष्ट बाप्तिस्म्याआधी लेखी समजावून सांगायची: बाई अनुसूचित जातीची असेल तर 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. मुलांची शिष्यवृत्ती, वसतिगृह, घरकुल, सगळं त्या दाखल्यावर उभं असू शकतं. हे न सांगता बाप्तिस्मा देणं अन्याय आहे. आश्रयगृहात राहत असताना तर देऊच नका. स्वतःच्या भाड्याच्या खोलीत, स्वतःच्या कमाईवर वर्षभर राहिल्यावरही तिला हवा असेल तर मग बघा.

'बाहेर काढणं' हे वाक्य वस्तीत उच्चारू नका. तिथल्या भाषेत त्याचा अर्थ रेड, म्हणजे पोलिसांची धाड. रेड पडली की सज्ञान बाईलाही दंडाधिकाऱ्यापुढे उभं करून सुधारगृहात पाठवतात, आणि कायद्याप्रमाणे तो मुक्काम एक ते तीन वर्षांचा होऊ शकतो. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन सज्ञान तरुणींना सोडायला सांगितलं, वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हा नाही असंही नोंदवलं. पण भीती तशीच आहे. म्हणून पोलिसांबरोबर चहा पिताना दिसलात तरी तुम्ही खबरी ठरता.

याला एकच अपवाद, आणि त्यात चर्चा नाही: मुलगी अठराच्या आतली असल्याची शंका. तिला वय विचारत बसू नका, फोटो काढू नका, स्वतः हात धरून खाली आणू नका. त्याने माणसं सावध होतात आणि रात्रीत मुलगी दुसऱ्या शहरात जाते. शांतपणे खाली या आणि 1098 (मुलांची हेल्पलाइन) किंवा 112 (आपत्कालीन क्रमांक) वर इमारत, मजला, कपड्यांचा रंग सांगा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या 19व्या कलमाप्रमाणे कळवणं तुमचं कर्तव्य आहे, न कळवणं गुन्हा. त्यानंतर काही महिने तुम्हाला त्या इमारतीत प्रवेश मिळणार नाही, हे धरूनच चाला.

सज्ञान बाई स्वतः म्हणाली की मला निघायचंय, तर पहिला प्रश्न 'कधी?' हा नको, 'कुणाचं किती देणं आहे?' हा हवा. घरवालीची उचल, भिशीचा हप्ता, सावकार, गावी पाठवायचे पैसे, आणि तिचा 'माणूस', जो नवरा नसतो पण तिच्या कमाईवर हक्क सांगतो. उचल तुम्ही फेडू नका. एकीची फेडलीत की दुसऱ्या दिवशी प्रत्येकीची किंमत ठरते आणि ती वाढत जाते. बाई डांबलेली असेल तर 1976च्या वेठबिगारी कायद्याने ते कर्ज मुळात कर्जच राहत नाही, पण तो मार्ग वकिलाबरोबरच जायचा. तिच्या वस्तू आधी थोड्या थोड्या बाहेर काढा: कागद, दागिना, मुलांचे दाखले, एआरटीचं हिरवं-पांढरं जे काही पुस्तक असेल ते. शक्तिसदनात (सरकारी योजनेतल्या महिला आश्रयगृहात) किंवा संस्थेच्या गृहात जागा आहे का हे आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी विचारा. पुण्याबाहेर जात असेल तर एआरटी केंद्राचं बदलीपत्र आणि महिन्याच्या गोळ्या हातात हव्यात. दारूची सवय असेल तर एकाएकी बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. तेव्हा आधी डॉक्टर, मग उपवास-प्रार्थना.

बहुतेकजणी पहिल्या तीन महिन्यांत परत जातात ते पैशापायी आणि एकटेपणापायी. मेणबत्त्या, गोधड्या, कापडी पिशव्या यांवर घर चालत नाही. चर्चची माणसं त्या एकदा दयेपोटी विकत घेतात, दुसऱ्यांदा नाही. हॉस्पिटलमधली आया, कँटीन, घरकाम, पॅकिंग अशी रोख पगाराची कामं जास्त टिकतात. वर्षभराचं खोलीभाडं आणि किराणा बाजूला काढून ठेवला नसेल तर कुणालाही निघायला प्रोत्साहन देऊ नका. परत गेली तर पुढच्या बुधवारी तिच्याच मजल्यावर जा आणि तसंच बोला जसं आधी बोलत होतात.

मुलांचं काम सगळ्यांना सोपं वाटतं आणि तेच कायद्याने सगळ्यांत बांधलेलं आहे. दुपारचा अभ्यासवर्ग वेगळा. पण मूल रात्री ठेवणार असाल तर बालन्याय कायद्याच्या 41व्या कलमाखाली नोंदणी आणि बालकल्याण समिती आलीच. आईने विश्वासाने सोपवलं हे उत्तर तिथे चालत नाही. शाळाप्रवेशाला वयाचा दाखला नाही म्हणून नकार देता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्याचं 14वं कलम मुख्याध्यापकांना नम्रपणे दाखवा. बापाच्या नावाचा रकाना रिकामा ठेवण्यावरून आईला चारचौघांत प्रश्न विचारले जाणार नाहीत, एवढं बघायला सोबत जा.

राहिली तुमची मंडळी. ती बाई एखाद्या रविवारी उपासनेला येईल. तिच्या शेजारी कोण बसणार हे आधी ठरवा. व्यासपीठावर बोलावून 'बुधवार पेठेतून आलेली आपली बहीण साक्ष देईल' असं म्हणायचं नाही, एक वर्षाने नाही आणि पाच वर्षांनीही नाही. समोर बसलेल्या पुरुषांत तिचं गिऱ्हाईक असू शकतं. पाठीमागून काढलेला, चेहरा न दिसणारा फोटोही देणगीदारांच्या पत्रकात नको. साडी आणि जिन्याचा कठडा वस्तीतले लोक ओळखतात. नोंदवहीत नावांऐवजी आकडे लिहा आणि आकड्यांची किल्ली दुसऱ्या घरात ठेवा.

नाताळचं म्हणाल, तर या डिसेंबरात केक घेऊन फक्त त्या एड्स प्रकल्पाच्या कार्यालयात जा आणि जानेवारीपासून बुधवारची पाळी कोण घेणार, त्या दोघींची नावं त्यांना देऊन या. ब्लँकेटांसाठी जमवलेले पैसे जूनपर्यंत बँकेत ठेवा. तेव्हा वह्या, गणवेश आणि रिक्षाचे पैसे लागतील.